जड नॅप्थलीन

विहिरीच्या पाण्याची एकच बाटली होती. ती घेऊन आलेल्या सुशीलाबाई सकाळपासून प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसून होत्या. "प्यायचं का नाही, तेवढं सांगा ताई," एवढंच त्यांचं म्हणणं. पाण्याला डांबरगोळ्यांसारखा वास होता, म्हणजे नॅप्थलीन.

तपासणीआधी अशा पाण्यात आम्ही मोजून थोडं जड नॅप्थलीन घालतो. त्यात हायड्रोजनच्या जागी त्याचंच जड रूप, ड्युटेरियम, असतं, म्हणून यंत्राला ते वेगळं ओळखू येतं. बाकी स्वभाव तोच. पाण्यातून काढलेला अर्क आटवताना विहिरीतलं ज्या हिश्शाने उडतं, त्याच हिश्शाने तेही उडतं.

पडद्यावर विहिरीचा आकडा उमटला. मर्यादेच्या आत! सांगायला मी उठलेसुद्धा. मग शेजारचा आकडा पाहिला आणि परत खाली बसले. मी घातलेलं जड नॅप्थलीन निम्मंच उरलं होतं. म्हणजे विहिरीतलंही निम्मं माझ्याच हातून उडून गेलं होतं.

आई रोज फोनवर "बरी आहे गं" म्हणते आणि मी निर्धास्त होते. तिच्यापासून माझ्या कानापर्यंत येताना काय काय गळतं, ते सांगायला त्या वाटेवर माझं कुणी नसतं. इथे होतं.

मी आकडा दुप्पट केला. तो मर्यादेबाहेर गेला.

"नका पिऊ," मी दारातूनच म्हणाले.

बाईंनी परत मिळालेली रिकामी बाटली नाकाशी धरली. "पण आम्हाला तर आता वासच येत नाही, ताई."

मला दारापर्यंत येत होता.