दोराचे दुसरे टोक

केशवराव मेढेकर मास्तरांची आणि माझी पहिली भेट आमच्या शाळेच्या अंगणात झाली. मी नमस्कार केला, त्यांनीही केला आणि लगेच विचारले, "आपलं वजन किती असेल हो?"

मी मराठीचा शिक्षक, अंगाने चांगला भरलेला. प्रश्न मला झोंबला. पण मास्तरांना माझी थट्टा करायची नव्हती, मला हातगाड्यावर बसवायचे होते. मुलांनी आधी रिकामा गाडा ढकलला, मग माझ्यासकट. तेवढ्याच जोराने गाडा आता जेमतेम हलला. पुढे सगळ्यांनी मिळून त्याला वेग दिला, तर तो कोणाला आवरेना. मला घेऊन थेट चिंचेच्या बुंध्यापर्यंत गेला. "वस्तुमान जास्त, म्हणून हलवायला जड आणि थांबवायलाही जड. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार तो संवेग," मास्तर मुलांना शांतपणे सांगत होते. मी धोतर सावरत उतरलो. तो धडा मुले विसरली नाहीत, आणि मीही.

मास्तर मूळचे मेढ्याच्या डोंगरातले. कृष्णाकाठच्या आमच्या गावी आले आणि इथलेच झाले. शिकवताना उत्तर आधी सांगणे त्यांना ठाऊक नाही. "अगोदर तुमचा अंदाज सांगा. चुकला तर बरंच," असे ते म्हणतात. माझी पत्नी विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा माझे तासही त्यांनी न सांगता घेतले आणि रोज संध्याकाळी घरी येऊन पाणी भरून गेले. मी परत वर्गात गेलो, तर कवितेतला बाण कोणत्या जोरामुळे थांबला, असे मुले मलाच विचारू लागली! दोन दिवस मी चिडलो होतो. उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही.

लढाईचे दिवस होते. मुंबईहून मागवलेले प्रयोगाचे सामान येईना, म्हणून विज्ञानाचा वर्गच बंद करावा अशी गोष्ट शाळेच्या मंडळात निघाली. मंडळाचे अध्यक्ष सुभेदार तात्या, पलटणीतून परतलेले, तालमीचे आश्रयदाते. "सामान न्हाई, तर नुसत्या फळ्यावर काय शिकवनार?" हा त्यांचा सवाल. वर्ग बंद झाला असता, तर शेतीतली कामे सोडून सांगली-साताऱ्याला जाऊन शिकणे आमच्या मुलांना जमणारे नव्हते. त्यांचे विज्ञान तिथेच संपले असते.

मास्तर म्हणाले, "सामान आहे, तात्या. नदी आहे, दोन होड्या आहेत. आपण फक्त बसायला या."

उन्हाळ्यातले संथ पाणी, घाटावर सगळा गाव. एका होडीत भारदस्त तात्या, दुसरीत काटकुळे मास्तर, मध्ये दोर. होड्या कुठे भेटतील याचे गणित मुलांनी मांडले होते आणि तात्यांच्या बाजूला पायरीशी खुणेचा बांबू धरला होता. तात्यांनी बजावले, "मी वडनार न्हाई. नुसता दोर धरून बसनार. मग माजी होडी कशाला हलंल?"

मास्तरांनी दोर ओढला. तात्यांची होडी तसूभरही हलली नाही. मास्तरच सरकत सरकत तिला जाऊन भिडले. घाटावर हशा पिकला. "बघा! ज्यो वडतो त्यो हलतो," तात्या म्हणाले. वर्ग गेला, असे मी मनाशी धरून चाललो.

मास्तर मग मुलांकडे वळले. "आपला अंदाज चुकला. का चुकला ते शोधा." एका मुलाने पाण्यात उतरून चाचपले. तात्यांच्या वजनाने होडीचा तळ गाळात रुतला होता. मास्तरांनी हात जोडले, "गाळानंही जोर लावला, तो आम्ही धरलाच नाही. चूक माझी. एकवार खोल पाण्यात याल?"

तात्यांना घरी जाता आले असते. ते म्हणाले, "चला. हुंदे आनि एकदा."

बांबूही पुढे नेला. दोर ताणला गेला आणि तात्यांची होडी हळूच सरकू लागली. "आवं मास्तर, मी न्हाई वडलं!"

"आपण धरून ठेवलंत ना, तेवढं पुरतं. मी आपल्याला ओढतो, तेवढ्याच जोरानं आपणही मला ओढता. आपण जड, म्हणून थोडे हललात. मी हलका, म्हणून जास्त."

होड्या बांबूपासून हातभर अंतरावर भेटल्या. कोणी बोलण्याआधी मास्तरच म्हणाले, "हातभर चुकलं. पाणी अडवतं, त्याचा हिशेब राहिला."

काठावर उतरताना तात्या मंडळाच्या लोकांना म्हणाले, "चुकलं तर सोताच सांगत्यात. असल्या मान्साचा वर्ग कोन बंद करतंय ते बघतोच मी." वर्ग राहिला. गाळ चाचपणारा तो मुलगा शिकून आला आणि आज मास्तरांच्या शेजारच्याच वर्गावर विज्ञान शिकवतो.

मास्तर साठ वर्षांचे झाले. त्यांच्या प्रकृतीला कसलाही गाळ न लागो, त्यांना निरोगी शंभर वर्षे लाभोत, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. पंचाहत्तरीला पुन्हा होडीत बसायचे, असे तात्यांनी आताच सांगून ठेवले आहे. आम्ही बाकीच्यांनी काय केले? इतकी वर्षे नुसता दोर धरून बसलो होतो. ओढत होते मास्तर. तरी पाहा, आम्ही कुठून कुठे आलो.