बजे न्हवं, फूल

हे रेल्वेतून रिटायर झाले आणि आम्ही कुर्डुवाडीचं बिऱ्हाड मोडून सोलापुरात आलो. रिटायर हे झाले, जुंपले गेले मी. पहिल्याच वर्षी ह्यांनी अंथरूण धरलं. पायांतली शक्ती गेली म्हणाले. वैद्य झाले, डॉक्टर झाले, कुणाला काही सापडेना. पण ह्यांना उठवत नव्हतं, म्हणून मला हलता येत नव्हतं. हातात काठी, उशाशी तांब्या. मी नजरेआड झाले की काठी तांब्यावर वाजलीच.

लेक करकंबला दिलेली. करकंब काय काशी आहे? तरी तिची दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली आणि मला नातवंडांचं तोंड बघता आलं नाही. "जा की," हे म्हणायचे, "मी हितं मरून पडतो, आल्यावर बघ." झालं! असं ऐकल्यावर कुठली बाई चपला घालेल?

तांब्याचा आवाज पोचेल तेवढीच माझी हद्द उरली. त्यात मागचं परस येत होतं, एवढं नशीब. कुर्डुवाडी सोडताना शेजारच्या गोऱ्या गार्डाच्या मडमेनं मला आल्यासारखे दिसणारे चार गड्डे दिले होते. आयरिस म्हणाली, आणि निळं फूल येतं हे आपल्या झग्याचा रंग दाखवून सांगितलं. ते मी परसात लावले. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पहिल्या पावसात दोन कुजलेच. मग विटांचे तुकडे, पडक्या भिंतीचा चुना कालवून वाफा उंच केला आणि गड्ड्याची पाठ उन्हाला उघडी ठेवली. तलवारीसारखी पानं आली. फूल मात्र दरवर्षी हुलकावणी देई. पन्नाशी उलटलेली बाई मी, पण सकाळी उठले की आधी तिकडं धावायची.

एकदा गड्डे सुटे करत होते, तेवढ्यात तांब्या वाजला. तशीच हातातल्या गड्ड्यासकट आत गेले. ह्यांनी बघितलं. "बजे?" हे मैंदर्गीचे, वेखंडाला कानडीतनं बजे म्हणायचे. "बरं केलंस. माझ्या पोटाला होईल." मी गप्प बसले. देवाला न चालणारं विलायती फूल लावते म्हटलं असतं तर ह्या वयात नखरे सुचतात म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. उलट आता हेच रोज विचारायचे, "बजेला पाणी घातलंस का?" मला मनातल्या मनात हसू फुटायचं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला थंडी चांगली पडली आणि पानांतनं एक कळी वर आली. एका सकाळी टोकाशी निळं दिसलं. माझा जीव तिच्यात अडकला. आणि नेमकं त्याच सकाळी ह्यांचं पोट दुखायला लागलं.

"बजे काढ, उगाळून दे."

"ओवा देते."

"बजे काढ म्हणतो ना!"

परसात जाऊन बघते तर कळी उमललेली. तीन पाकळ्या वर, तीन खाली, मधे पिवळी केसाळ जीभ. अगं बाई! मी तिथंच खाली बसले.

तांब्या वाजायला लागला. मी बसल्याजागी ओरडले, "बजे न्हवं ते! फूल हाय, आणि मी काढणार न्हाय!"

"फूल? आण हिकडं, बघू दे!"

"तोडणार न्हाय. बघायचं असंल तर तुमीच या!"

तांब्या गडगडत गेल्याचा आवाज आला. मग सगळं शांत. जरा वेळानं मागं पावलं वाजली, शेजारीण आली असेल म्हणून वळले. हे उभे. काठी नाही, भिंतीचा आधार नाही, पायऱ्या उतरून आलेले.

"वास तरी येतो का ह्याला?" म्हणाले.

मी फुलाकडं बघतच नव्हते. मी रोज तेल लावून चोळलेले ते पाय मातीत घट्ट रोवलेले होते. माझा संताप संताप झाला.

"कधीपासनं चालता येतंय?" मी विचारलं.

हे हळूच म्हणाले, "चहा ठेव."

"तुमीच ठेवा की," मी म्हटलं, आणि आत जाऊन लुगडी गाठोड्यात बांधली.

संध्याकाळी करकंबला लेकीच्या दारात उभी राहिले, तर तिची दोन्ही पोरं मला बघून तिच्या पदराआड लपली. "आई, ही बाई कोण?" थोरल्यानं विचारलं.