मोजलेल्यांना घेऊन निघ

साळवे मामा कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्यावरच थांबत, चपला काढत आणि पाणी विचारायच्या आत यजमानालाच विचारत, "दुसरं दार कुठाय?"

मी दौंडला त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा आमची ओळख याच प्रश्नाने झाली. मी कॉलेजात ग्रंथपाल. घरात मी आणि मुलगी ऋतुजा, दोघीच. सामानात भांड्यांपेक्षा पुस्तकांची खोकी जास्त होती आणि ती मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला टेकवून रचली होती. मामा आमच्यासाठी चहाची किटली घेऊन आले होते. खोकी बघताच त्यांनी किटली ओट्यावर ठेवली आणि बाह्या मागे सारल्या. "पुस्तकं वाचायला असत्यात ताई, दाराला लावायला न्हाई," असं म्हणत एकेक खोकं उचलून त्यांनी दार मोकळं केलं. कडी गंजली होती. दुसऱ्या दिवशी ते तेलाची कुपी घेऊन आले. चहा मात्र पहिल्या दिवशी गारच प्यावा लागला.

कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यात त्यांची उभी हयात शिफ्टमध्ये गेली होती. शेवटची वर्षे ते सेफ्टीला होते. सायरन वाजला की माणसांनी कुठल्या दाराने निघायचं, कुठे जमायचं, हे शिकवायचं आणि मग जमलेली माणसं मोजायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, मोजणं सुटलं नाही. गल्लीची सहल निघाली तर प्रत्येक थांब्यावर मामा बसच्या दारात उभे राहून माणसं मोजत. लोक वैतागत. भांडगावला एका लग्नात कार्यालयाच्या मागच्या दाराशी गाद्यांचा ढीग लावलेला त्यांना दिसला आणि नवरा पारावर असताना मामा आचाऱ्याच्या पोरांना घेऊन गाद्या हलवायला लागले. वरबाप म्हणाला, "मामा, जेवायला आलाय का तपासणीला?"

"जेवायलाच आलोय," मामा म्हणाले. "पर जेवल्यावर बाहेरबी पडायचंय."

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. गल्लीत कुणाच्या घरी सिलिंडर भडकला, कुणाचं पोर जत्रेत चुकलं, की बायका रडायला लागत, आणि मामा शांतपणे म्हणत, "आधी मोज, मग रड." मला ते तेव्हा कोरडं वाटायचं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "ताई, डोळ्यात पाणी असलं की आकडा दिसत न्हाई."

ऋतुजाला डॉक्टर व्हायचं होतं. इथे जागा मिळाली नाही म्हणून ती परदेशी गेली. शिरूर, दौंडकडची बरीच मुलं अशी जातात. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिचं शिक्षण अजून तिथेच चालू आहे. तिच्याबरोबर मांडवगण फराट्याचा ओंकार होता. त्याचे वडील आबा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ऊस, सोसायटी, निवडणुका, सगळीकडे त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी मुलांचा सत्कार ठेवला. शाली झाल्या, भाषणं झाली. मामा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी दोघांना बाजूला घेतलं.

"हॉस्टेलला गेल्यावर पयलं काय बघायचं?"

"वायफाय," ओंकार म्हणाला.

मामाही हसले. मग म्हणाले, "त्ये दुसरं. पयलं, मागचं दार. आन् तुमच्यात मोजणारं कोण, त्ये आधीच ठरवा. सायरन झाल्यावर ठरत न्हाई."

"ऋतुजा मोजंल. माझं गणित कच्चं हाय मामा," ओंकार म्हणाला, आणि खरंच तसंच ठरलं.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, त्या शहरात स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्यात कशावरून तरी मारामारी झाली. बघता बघता त्याचं लोण पसरलं. जमाव एकेका हॉस्टेलात शिरून परदेशी मुलांना शोधू लागला. दुपारी ऋतुजाचा निरोप आला. दिवे घालवून, दाराला कपाटं लावून ते सगळे वरच्या मजल्यावर बसले होते. एकच फोन चालू ठेवणार होते, तोही मुका करून. निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, "आई, मी तुला नाही, मामांना कळवत राहीन. तू रडतेस."

मला ते लागलं. पण ते खरं होतं. मी मामांना बोलावून आणलं.

तासाभराने आबा आणि ओंकारची आई गाडी काढून माझ्याकडे आले. मामांनी माझ्याकडून परात मागून घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सगळ्यांचे फोन हितं. बंद करून. माझा एकटा चालू राहील."

मी ठेवला. ओंकारच्या आईने पदराआडून काढून ठेवला. आबांचा फोन सारखा थरथरत होता. गावातून, तालुक्यातून, पुण्याहून माणसं मदत करायला बघत होती. ते बोलता बोलताच म्हणाले, "ॲडमिशन करून दिलेल्या एजंटाचा माणूस हाय तितं. त्यो गाडी पाठवतोय. ओंकारला म्हणावं, खाली गेटवर येऊन थांब."

"गेटवर गर्दी हाय, आबा."

"मग काय, हितं परातीपुढं बसून ऱ्हायचं? माझं लेकरू हाय त्ये. तुमचं कोण हाय तितं?"

"माझं कोण न्हाई," मामा म्हणाले. एरवी कारखान्यातलं काही सांगायचं झालं तर ते हसत सांगत. या वेळी हसले नाहीत. "आमच्याकडं एकदा गॅस सुटला. सगळी मागच्या दारानं निघाली, जशी शिकवलेली तशी. एकाचा भाऊ पुढच्या दाराला कामाला होता. त्यानं बाहेरनं हाक मारली, नाव घेऊन. पोरगा मागं वळला आन् हाकेच्या दिशेनं पळत सुटला. गॅस पुढंच होता. आबा, माणूस दाराकडं पळत न्हाई. आपल्या माणसाच्या आवाजाकडं पळतो. म्हणून हाक मारायची न्हाई."

आबांनी फोन बंद करून परातीत ठेवला. ठेवला म्हणजे टाकलाच. परातीचा आवाज घरभर झाला आणि आम्ही चौघेही दचकलो.

त्यानंतर बराच वेळ तिकडून निरोप नव्हता. ऊन भिंतीवरून सरकत होतं. ओंकारची आई जमिनीवर बसली होती आणि साडीच्या काठाची एकच सुरकुती पुन्हा पुन्हा सरळ करत होती. मी चहा केला. कुणी घेतला नाही.

संध्याकाळी मामांच्या फोनवर ऋतुजाचा निरोप आला. मामांनी तो मोठ्याने वाचला, एक शब्दही न गाळता. जमाव खालच्या मजल्यावर शिरला होता. हॉस्टेलच्या बाई मुलांना भटारखान्यातून मागच्या गल्लीत नेणार होत्या. तिथे कॉलेजची बस लपवून उभी केली होती. बाई म्हणत होत्या, आत्ता निघायचं, थांबता येणार नाही. आणि मग, "मी मोजले. ओंकार नाही. तो सकाळी पाण्याच्या बाटल्या आणायला गेला होता. आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत दडलो होतो, आत्तापर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. मामा, थांबू का?"

आबा उठले आणि त्यांनी परातीत हात घातला. मामांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"हात काढा, साळवे."

"काढतो. फोन तुमचा, पोरगं तुमचं. फक्त येवढं सांगा, त्यो कुठंतरी दडला असंल आन् फोन वाजला, तर?" एवढं बोलून त्यांनी खरंच हात काढून घेतला.

आबांचं बोट बटणावर होतं. तेवढ्यात जमिनीवरून आवाज आला.

"नगा लावू."

आबांनी वळून पाहिलं. ओंकारची आई मान वर न करता बोलत होती. "त्याचा फोन लई मोठ्यानं वाजतो. मीच सांगितलंवतं, आवाज वाढव, माझा फोन तुला ऐकू येत न्हाई. नगा लावू."

आबांनी फोन तसाच हातात धरला. बटण दाबलं नाही.

आता ऋतुजाला उत्तर द्यायचं होतं. ती तिकडे अंधारात, उत्तराची वाट बघत बसली असणार. थांबू का, एवढंच तिने विचारलं होतं. मामांनी टाइप केलं. पण पाठवायच्या आधी ते आबांसमोर गेले आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "तुमच्यापासनं लपवून पाठवणार न्हाई," ते म्हणाले आणि वाचून दाखवलं. "मोजलेल्यांना घेऊन निघ."

"आन् माझा?" आबा म्हणाले.

"त्याला मग शोधू."

"तुमचा पोरगा असता तर?"

मामांनी आबांकडे बघतच अंगठा दाबला.

मी त्या वेळी भिंतीकडे बघत होते. माझी मुलगी मोजलेल्यांत होती. ओंकारच्या आईच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी हिंमत नव्हती. पुढे निरोप आला की बस निघाली, मग आला की सगळे सुरक्षित इमारतीत पोचले. प्रत्येक निरोपाला माझ्या आत काहीतरी सुटत होतं आणि मी ते चेहऱ्यावर येऊ देत नव्हते. मामा निरोप वाचून दाखवत, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणत, "ओंकार न्हाई अजून." मला वाटायचं, हे एवढं वाक्य तरी त्यांनी वगळावं. त्यांनी एकदाही वगळलं नाही.

कुणी घरी गेलं नाही. पहाट झाली तेव्हा आबांच्या फोनवर, जो त्यांनी न राहवून चालू केला होता, एका अनोळखी नंबरवरून ओंकारचा आवाज आला. कोपऱ्यावरच्या दुकानवालीने त्याला शटर ओढून पोत्यांमागे बसवलं होतं. तिच्या मुलाने त्याला आपलं जाकीट आणि टोपी घालून पोलीस चौकीपर्यंत सोडलं. ओंकारची आई तेव्हा पहिल्यांदा रडली. आबा भिंतीला टेकून खाली बसले.

मामांनी ऋतुजाला निरोप पाठवला, "ओंकार आला. परत मोज." पूर्ण आकडा आल्यावर ते मागच्या अंगणात गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण शर्टाची कॉलर अजून ओली होती.

मुलं परत आली. आबांनी गावात मोठा कार्यक्रम केला. एजंटाला फेटा बांधला, पुढाऱ्यांना हार घातले. मामांना बोलावणं नव्हतं. पुढे कानावर यायला लागलं की आबा पारावर सांगतात, "त्या साळव्यानं माझं पोरगं मोजणीतनं काढलं." मला राग आला. मी मामांपाशी तसं म्हटलं.

"त्यांचं खोटं न्हाई ताई," मामा म्हणाले. "काढलंच की."

ओंकार मात्र आला होता. पाया पडला आणि हसत म्हणाला, "मामा, मला सोडून जा म्हणाला व्हय?"

"म्हणालो."

ओंकारचं हसू तसंच राहिलं. मामांनी त्याला चहा दिला. दोघं फुटबॉलवर बोलत बसले. मामांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. तिकडे सगळं निवळल्यावर मुलं पुन्हा शिकायला गेली.

गेल्या हिवाळ्यात मामांची फुप्फुसं थकली. दौंडच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला होता. मी रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन बसायची. एका संध्याकाळी दारात आबा उभे होते. हातात मोसंब्यांची पिशवी. ते आत आले, स्टुलावर बसले आणि खिडकीकडे बघू लागले. मामांनीच विचारलं, "ओंकार?"

"बरा हाय. शेवटचं वरीस."

मग आबा म्हणाले, "येक इचारायचंवतं. तीच येळ परत आली, तर?"

मामांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मी थांबवायला गेले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. "त्येच लिहीन, आबा," ते दम घेत म्हणाले. "पर त्या दिवसापासनं मला नीट झोप न्हाई. त्येबी परत तसंच व्हईल."

आबांनी एक मोसंबं काढून सोललं, फोडीतल्या बिया नखाने काढल्या आणि एकेक फोड मामांच्या तळहातावर ठेवली. मामांनी दोन खाल्ल्या आणि डोळे मिटले.

बाहेर व्हरांड्यात आबा माझ्याबरोबर आले. म्हणाले, "म्याडम, तुमची पोरगी मोजलेल्यात हुती. म्हणून तुमाला त्यो माणूस ग्वाड लागतो."

हे खरं होतं. मामांबद्दल मनात काहीही आलं तरी त्याच्या तळाशी हे असतंच, हे मला तेव्हा उमगलं.

"माझं पोरगं न्हवतं," आबा म्हणाले. "तरीबी मी आलोय, येवढं त्यास्नी सांगा."

"तुम्हीच सांगा ना. आत आहेत."

आबा चपला काढून पुन्हा आत गेले. मी दारातून पाहिलं. स्टूल खाटेजवळ ओढून ते नुसते बसले होते, आणि मामांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

त्या आठवड्यातच मामा गेले.