नंदाचा पाय

नंदा पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्या माकणीत मानतात. त्यामुळं तिच्या दारात कायम कुणीतरी कंबर धरून उभं. ती शिलाई मशीन थांबवते, तीनदा पाय लावते, पुन्हा शिवायला बसते. मी तिला हसायचे. तीही हसायची. "गावाला लाथा खायची लई हौस," म्हणायची.

गेल्या ऑक्टोबरात शेजारचे बलभीमकाका आले. आदल्या दिवशी सोयाबीनची पोती उचलली होती. डावा पाय ओढत ओसरीवर आले आणि पालथे पडले. मी तिथंच होते.

नंदानं कमरेला पाय लावला. काका कळवळले. मग तिनं पाय जरा खाली, कुल्ल्यावर दाबला.

"ठेव की पाय, नंदे. लाजतीस काय?"

पाय ठेवलेलाच होता.

तिनं आणखी दाबला. काका वाट बघत राहिले. नंदाचा चेहरा उतरला.

"उठा काका. धाराशिवला जायचं."

"तीनदा लाव, जाईल आपसूक."

"माझ्यानं होण्यातलं न्हाय हे."

जीप करून आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. कॅज्युअल्टीत डॉक्टर तरुण मुलगी. तिनं विचारलं, "लघवी होते?"

"व्हय की. रोजच्यावानी."

"काका, खरं सांगा," नंदा म्हणाली. "मघाशी माझा पाय तुमाला कळला न्हाय."

काकांनी भिंतीकडं तोंड केलं. "कालपासनं न्हाय झाली."

डॉक्टरनं ओटीपोट दाबलं. टम्म फुगलेलं. मांडीच्या आतल्या बाजूनं कापूस फिरवला. त्यांना कळलाच नाही. तिनं लगेच लघवीची नळी घातली, मग एमआरआय केला. मणक्यातली गादी सरकून खालच्या नसा दबल्या होत्या. "आजच ऑपरेशन हवं. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. आत्ताही खात्री देता येत नाही."

धाराशिवला ती सोय नव्हती, म्हणून ऑपरेशन त्याच दिवशी सोलापुरात झालं.

पाचव्या दिवशी नळी काढली. काका भिंत धरत मोरीत गेले. आम्ही दाराबाहेर. बराच वेळ आतून काहीच आवाज नाही. नंदा ओढणीचं टोक पिळत होती. मला तिच्याकडं बघवेना.

"नंदे!" अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं काका आतून ओरडले. "झाली गं! थोडीच, पण झाली!"

नंदा तिथंच खाली बसली.