मामूंचा मुडद्या

माइकवाल्या मामूंनी शिवी दिली नाही, तर आमच्या धावडा गावात माणसाला जेवण गोड लागत नसे. मामूंचा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालं, की मोकळ्या रानात टेनिस बॉलचे सामने भरत. मामू स्वतःचाच माइक घेऊन कॉमेंट्रीला बसत आणि सगळ्या गावाचा उद्धार करत.

फटका चांगला बसला की, "मुडद्या, लय बेक्कार हानला!" झेल सुटला की, "हुकलेल्या, बराबर हातात आल्ता की! झोपून राह्यला का बे?" एकदा पुण्याकडचे एक जावई सामना बघायला आले होते. मेव्हण्याला भर मैदानात मुडदा म्हटलेलं ऐकून ते बाह्या सरसावून उठले. मेव्हण्यानेच धावत येऊन त्यांना खाली बसवलं. "दाजी, बसा की. कौतुक चालू हाय माझं," तो म्हणाला.

कौतुकच होतं ते. मामूंच्या तोंडी मुडद्या म्हणजे आपला माणूस. परक्याला ते चुकूनही वावगं बोलत नसत. भोकरदनच्या संघातला पोरगेला गोलंदाजही त्यांच्या माइकवर 'सन्माननीय' असायचा.

मी संभाजीनगरला शिकलो आणि नवे पांढरे बूट घालून गावी परतलो. पहिल्याच सामन्यात मामूंचा आवाज घुमला, "आता फलंदाजीस येत आहेत, आदरणीय साहेब!" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं तोंड एवढंसं झालं. जन्मलो या गावात, आणि पाहुण्यांत जमा! त्या हंगामात मी षटकार मारले, सोपे झेल सोडले, एकदा तर मुद्दाम तोंडावर आपटलो. मामू म्हणाले, "साहेबांना लागलं तर नाही ना?" मला रडूच यायचं बाकी होतं.

फायनलला भोकरदनशी गाठ पडली. शेवटचा चेंडू, जिंकायला दोन धावा. मी असा हाणला, की चेंडू थेट आमच्या काकांच्या कापसात. कापसात गेला तरी धावा पळूनच काढायच्या, हा आमचा नियम. मी निम्म्यात पोचलो आणि पाहतो तर पाहुणे फुटलेल्या कापसात घुसून झाडं आडवी करतायत. माझे पाय आपोआप तिकडे वळले. बॅट उगारून मी ओरडलो, "अय, बोंडं मोडून राह्यले! सरीतून चला, सरीतून!" कापूस वाचावा म्हणून चेंडूही मीच हुडकून त्यांच्या हातात दिला. त्यांनी निवांत चालत जाऊन दांडी उडवली. सामना गेला.

मग माइक खरखरला.

"अय मुडद्या! मॅच खेळून राह्यला का कापूस राखून? हुकलेल्या, बॉल बी तूच हुडकून दिला बे!"

गाव पोट धरून हसत होतं, आमचाच संघ स्टंप घेऊन माझ्यामागे लागला होता, आणि मी सुखाने रडत पळत होतो.

आता मी पुण्यात असतो. इथे वॉचमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे मला सर म्हणतात. मामूंचा घसा गेला, डॉक्टरांनी माइक सोडायला लावला. गावातली पोरं कॉमेंट्री करतात म्हणे, पण मला ती अळणी वाटते. मामूंची फार आठवण येते.

परवा ऑफिसात मामूंचा व्हॉइस मेसेज आला आणि चुकून स्पीकरवर लागला. घोगऱ्या, तुटक आवाजात एवढंच, "मुडद्या... सोयाबीन निघालं."

शेजारच्या टेबलावरच्या बाई दचकल्या. "सर, कुणी धमकी देतंय का तुम्हाला?"

"न्हाई," मी डोळे पुसत म्हणालो, "बोलावणं आलंय."