थेडाबाई पळाल्या त्याची गोष्ट

रविवारी चार वाजेपर्यंत गावभर झालं होतं, की एकाहत्तर वर्षांच्या थेडाबाई एका नॉर्वेच्या माणसाबरोबर पळून गेल्या. समोरच्या गेस्केने खिडकीतून पाहिलं होतं: आधी तो सायकलवरून गेला, पाठोपाठ ह्या, टोपलीत लाल पिशवी. "सामान बांधून गेली गं!" ती बेकरीत सांगत सुटली.

पळाल्या हे खरं. पण त्याच्याबरोबर नव्हे, त्याच्यामागे.

थेडाबाईंचं घर जर्मनीच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या बांधाला टेकून. नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, हॉलंड असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सायकलमार्ग अंगणासमोरूनच जातो. वाऱ्याने पिळून निघालेला कुणी दिसला, की बाई त्याला चहाला बसवतात. स्वतः मात्र शेजारच्या बंदरापलीकडे कधी गेल्या नव्हत्या, आणि आता तेवढंही संपणार होतं. मुलाने, फोकोने, फर्मान काढलं होतं, "आई, ह्या वयात पडलीस तर? रविवारी चारला येतो आणि सायकल घेऊन जातो." शनिवारी बाईंनी साखळीला तेल घातलं, सायकल पुसून लखलखीत केली आणि जेवताना दोन घास कमीच खाल्ले.

रविवारी दुपारी सायकलवरून हा नॉर्वेचा सिगब्यॉर्न आला. निवृत्त पोस्टमन, मिशाळ, भलताच सभ्य. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या कपात चमचा उभा ठेवेपर्यंत यजमान ओतत राहतो. हे साऱ्या जगाला ठाऊक असणार, अशी बाईंची खात्री. ओतलेला चहा नाकारणं बरं दिसत नाही, अशी पाहुण्याची. त्यामुळे ह्या ओततायत, तो पितोय. सातव्या कपाला त्याचे डोळे पांढरे झाले.

"अजून थोडा?"

"बाई, परवा हॉलंडहून माझी इंग्लंडची बोट आहे हो!" तो काकुळतीला येऊन म्हणाला आणि असा सटकला, की त्याची लाल पिशवी बाकावरच राहिली.

आत पासपोर्ट! बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन. सायकल अजून दोन तास त्यांचीच होती.

वारा थेट तोंडावर. फाटक उघडा, फाटक लावा, बांधावरच्या मेंढ्यांना "सरका गं बायांनो!" म्हणून हाकला. बंदर मागे पडलं आणि बाई चक्क गाऊ लागल्या. एरवी त्याला गाठणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, पण सात कप चहा त्यांच्या बाजूने होता. दर मैलाला तो उतरून झुडूप शोधत होता, आणि आमच्या बांधावर झुडूप कुठलं! बाविसाव्या किलोमीटरला एका जुन्या पवनचक्कीमागून बाहेर येताना सापडला.

"अहो, पासपोर्ट!"

"एवढ्या वाऱ्यात आलात कशा?"

"पायडल मारत. तुम्ही कसे आलात?"

त्याने बाईंना मिठीच मारली. "चला मग हॉलंडला!"

"आधी चमचा कुठे ठेवायचा ते शिका."

दोघं पवनचक्कीच्या पायरीवर बसून हसत होती, तेवढ्यात फोकोची गाडी येऊन थांबली. गावातलं सगळं ऐकून तो लालबुंद झालेला.

"आई, लोक काय म्हणतायत ठाऊक आहे? आण ती सायकल, आणि बस गाडीत."

थेडाबाई सायकलवर चढल्या आणि म्हणाल्या, "येताना वारा तोंडावर होता, आता पाठीशी आहे. तो वाया घालवून तुझ्या गाडीत बसू? सायकल माझ्याकडेच राहील. तू हो पुढे आणि माझ्या कोंबड्या आत घे."