पाय काढायचा नाही

त्या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. ती कवळ्या बनवायची. मेणात दात बसवायचे, साच्याचा जबडा पुन्हापुन्हा मिटवून बघायचा, कुठे केसभर उंच लागलं तर घासायचं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं कामही तिच्याकडेच होतं आणि त्यासाठी तिची एक लहानशी जुनी गाडी होती. लायसन्स तर केस काळेभोर होते तेव्हापासूनचं. तरी किल्ली हातात घेतली की तिला धडकी भरायची, आणि याचा तिने कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता.

महामार्ग ती टाळायची. जुन्या पुलावरून, बाजाराला वळसा घालून, गल्लीबोळांतून जायची. नवऱ्याने कधी विचारलंच तर म्हणायची, त्या रस्त्याला सावली आहे. नवऱ्याला गाडी येत नव्हती, त्यामुळे तो फार खोलात शिरायचा नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे ती शेजारच्या सीटवर कुणाला बसू द्यायची नाही. तिथे कवळ्यांचे खोके ठेवायची आणि जागाच नाही म्हणायची. नवरासुद्धा मागे बसायचा. मोठ्या साहेबासारखं वाटतं म्हणून खूशही असायचा.

खरं कारण वेगळं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा याच गाडीत शेजारी तिची थोरली बहीण बसली होती. ओला रस्ता, गप्पा चाललेल्या, आणि पुढचा टेम्पो एकदम थांबला. हिने ब्रेक दाबला, पण गाडी जाऊन आदळलीच. थोरलीच्या खांद्याचं हाड मोडलं. ते पुढे सांधलं, पण त्या दिवसाबद्दल दोघी बहिणी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. थोरली महामार्गापलीकडच्या वस्तीत राहायची. भेटायला येताना बस पकडून यायची, जातानाही बसनेच जायची. धाकटीने तिला कधी सोडायला जाते म्हटलं नाही आणि थोरलीनेही कधी सोड म्हटलं नाही.

मग जुना पूल दुरुस्तीसाठी बंद झाला.

आता महामार्गाशिवाय गत्यंतर नव्हतं. पहिल्याच दिवशी ती महामार्गाला मिळणाऱ्या चढाच्या टोकाशी जाऊन थांबली. समोरून ट्रक, बस, गाड्या नुसत्या सुसाट चाललेल्या. आता शिरू, मग शिरू असं करता करता मागे रांग लागली आणि भोंग्यांचा गदारोळ उठला. शेवटी कडेला घेऊन, सगळ्यांना पुढे सोडून, ती कशीबशी मागे फिरली. त्या दिवशी एका आजोबांची कवळी पोचली नाही आणि त्यांना पेजेवर भागवावं लागलं, हे तिला दवाखान्यातून फोनवर ऐकावं लागलं. घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. किल्लीच्या धडकीपासून सावलीच्या थापेपर्यंत.

नवरा थट्टेखोर माणूस, पण तेव्हा हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारपूस करून एका बाईंचा नंबर आणला. बाई पूर्वी रुग्णवाहिका चालवायच्या. आता लायसन्स असलेल्यांनाच शिकवायच्या. ज्यांना गाडी येते पण धीर येत नाही त्यांना, आणि ज्यांना धीर जास्त आहे पण गाडी बेताची येते त्यांनाही. दुसऱ्या प्रकारचे लोक बायकोने पाठवलेले असतात, असं त्या सांगायच्या.

बाई वयाने तिच्याहून लहान होत्या. दांडग्या, मोकळ्या हसणाऱ्या. पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवरचे खोके त्यांनी न विचारता उचलून मागे ठेवले आणि स्वतः बसल्या. बाई काही शिकवायलाच तयार नाहीत. नुसतं म्हणाल्या, चालवा आणि दिसेल ते मोठ्याने बोला. ती बोलू लागली तेव्हा तिचं तिलाच कळलं की आपण पुढच्या गाडीच्या डिकीपलीकडे बघतच नाही. बाईंनी तिची नजर हळूहळू लांब नेली. पार पुढचा सिग्नल, कडेला थांबलेल्या बसमागून कुणी येईल का ते, आरशात मागे कोण आहे ते. चढावरून शिरताना थांबायचं नाही, चढावरच महामार्गावरच्या गाड्यांच्या वेगाला यायचं, म्हणजे ते जागा देतात, हे समजावलं. आठवडाभरात ती महामार्गावर शिरली. मान ताठ, दात आवळलेले, पण शिरली.

मग एक दिवस बाईंनी तिला गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात नेलं. जमीन पाणी मारून ओली केलेली, शेवटी रबरी शंकू मांडलेले. वेगात यायचं आणि मी म्हणेन तेव्हा ब्रेक पार तळापर्यंत दाबायचा, बाईंनी सांगितलं.

ती वेगात आली. बाई म्हणाल्या, "आता." हिने ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल कडकडा हादरायला लागलं. तिने झटकन पाय काढला. गाडी शंकू उडवत पुढे गेली आणि थांबली.

बाईंनी शांतपणे विचारलं, "पाय का काढलात?"

"काहीतरी तुटलं ना आत." ती पेडलकडे बघत म्हणाली. "त्या दिवशीही असंच झालं होतं."

मग टेम्पोची सगळी हकीकत बाहेर आली. बाईंनी ऐकून घेतली.

"ताई, तुटत काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "चाकं जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून हा ब्रेक स्वतःच धरतो, सोडतो, धरतो. तोच हादरा पायाला लागतो. तो आला की समजायचं, ब्रेक काम करतोय. पाय काढायचा नाही."

"म्हणजे मी पाय ठेवला असता तर..."

"मी तिथे नव्हते. गाडी वेळेत थांबली असती की नाही, मला सांगता येणार नाही. पण हे तुम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं, एवढं खरं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ जण पहिल्यांदा पाय काढतात."

इतकी वर्षं तिने मनाशी धरून ठेवलं होतं की आपण भेदरट आहोत, ऐनवेळी हातपाय गाळतो, आणि बहिणीचं हाड त्यापायी मोडलं. आणि हे बघा, गाडी मोडू नये म्हणून तिने पाय काढला होता. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. ती प्यायली, डोळे पुसले आणि म्हणाली, पुन्हा करू.

पुन्हा केलं. पेडल हादरलं, पाय राहिला, गाडी शंकूंच्या अलीकडे थांबली. मग तिला त्याची गोडीच लागली. बाईंना शेवटी म्हणावं लागलं की आता पुरे, टायरांची दया करा.

त्याच संध्याकाळी ती थोरलीकडे गेली, महामार्गावरून. चहा उकळेपर्यंतही तिला दम धरवला नाही. पेडल, हादरा, सगळं एका दमात सांगितलं. थोरली गॅसपाशी उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी तेव्हा किंचाळले म्हणून तू घाबरलीस. म्हणून मला गाडीत घेत नाहीस."

आधी थोरलीला हसू फुटलं, मग हिला. चहा उतू गेला.

पुढच्या रविवारी धाकटी थोरलीला न्यायला गेली. थोरली शेजारी बसली, पट्टा लावला, पर्स मांडीवर घट्ट धरली. चढावर गाडीने वेग घेतला तशी तिची बोटं पांढरी पडली. गाडी आरामात आत शिरली. मागच्या ट्रकवाल्याने जागा दिली. धाकटी लांबवर नजर ठेवून चालवत होती. थोरली नातवाच्या शाळेचं काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता वाक्य अर्ध्यातच राहिलं. धाकटीने क्षणभर तिकडे पाहिलं. थोरली झोपली होती. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, पर्स पायाशी घसरलेली.

उतरायचा फाटा आला. तिथे वळलं असतं तर दोन-तीन गतिरोधक लागले असते. धाकटीने फाटा सोडला आणि त्याच एकसारख्या वेगात पुढच्या फाट्याकडे निघाली.